लांबलं की लांबवलं

पहाटे साडेपाच

पाहुणे दोन जास्त आणि दूध नेहमीइतकंच. सासूबाई पातेल्यात डोकावून म्हणतात, "पुरवून पुरवून घाल गं." म्हणजे चहा सगळ्यांना मिळाला पाहिजे आणि कुणाला कळता कामा नये. इंग्रजीत याला 'ईक आऊट' म्हणतात. 'ईक' हा जुन्या इंग्रजीतला वाढवणे या अर्थाचा शब्द. आज तो एकटा फारसा दिसत नाही, 'आऊट'च्या आधाराने जगतो. 'निकनेम'मध्येही तोच आहे, मूळचं 'ईक नेम', वाढीव नाव. पाणी घालून वाढवणं वेगळं. ते आम्ही पाहुण्यांसमोर करत नाही.

मी भाषांतराचं काम करते. मराठीचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी, शब्दामागे ठरलेला दर. सांगलीत विश्रामबागला सासर, साताऱ्यात माहेर. कामं दोन्हीकडची. आज सकाळी सांगलीची उरकून दुपारी साताऱ्याला जायचं आहे. पिशवीत कामं तीन आहेत, आणि योगायोग असा की तिन्हींत काही ना काही लांब होतंय.

सव्वासहा

पहिलं काम तासगावच्या बाजूच्या एका औषध दुकानदाराचं. जिबरेलिक ॲसिडचं माहितीपत्रक इंग्रजीत आलंय, मराठी करून हवंय. या भागात त्याला कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. 'जीए' एवढंच. ऑक्टोबर छाटणी होऊन तीनेक आठवडे झाले की द्राक्षबागेत घड पोपटी रंगावर येतात, फुलं अजून मिटलेली असतात, आणि बागायतदारांचे फोन सुरू होतात: पहिला जीए कधी, किती?

पत्रकात एक शब्द चार वेळा आलाय, 'इलाँगेशन'. हा शब्द 'लेंग्थनिंग' नाही, आणि लिहिणाऱ्याने तो विचार करून घातलाय. 'लेंग्थन' म्हणजे नुसती लांबी वाढणे. विजार लेंग्थन होते, रांग होते, उन्हाळ्यात दिवस होतो. 'इलाँगेट' झालेल्या वस्तूचा आकार बदलतो, रुंदीच्या मानाने लांबी जास्त होते. वर्तुळ लेंग्थन करता येत नाही, पण इलाँगेट केलं की लंबगोल होतं. द्राक्षाच्या घडात नेमकं हेच हवं असतं. फुलोऱ्याआधी दहा पीपीएमच्या आसपासची, म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक ग्रॅम, अशी पातळ फवारणी दिली की घडाचा मधला दांडा लांबतो. घडाच्या पाकळ्या एकमेकींपासून सुटतात, मणी धरले तरी खेटून बसत नाहीत. आत हवा खेळते, कुज कमी होते, विरळणीची मजुरी वाचते. पुढे मणी धरल्यावर पुन्हा जीए, तेव्हा घड द्रावणात बुडवतात. ते मण्याच्या आकारासाठी. म्हणजे एकच औषध आधी घडाला लांब करतं आणि नंतर मण्याला फुगवतं. वेळ चुकली की परिणाम चुकतो. मात्रा जास्त झाली की देठ जाड आणि कडक होतात.

पत्रकात एक वाक्य सुटलं होतं. ही पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी लागते. दुकानदाराला फोन करून विचारलं तर म्हणाला, "ते सगळ्यांना म्हाईतच हाय की ओ ताई." मी तरी घातलं. ज्याची बाग पहिल्या वर्षाची आहे त्याला माहीत नसतं.

या रसायनाची जन्मकथा मला बागायतदारांना सांगायला आवडते. जपानी भातशेतीत एक रोग होता. रोपं भराभर उंच व्हायची, फिकट पडायची, वाऱ्याने लोळायची, दाणा भरायचाच नाही. शेतकरी त्या रोपांना 'मूर्ख रोप' अशा अर्थाच्या नावाने ओळखत, 'बाकानाए'. 1926 साली एइइची कुरोसावा यांनी दाखवलं की या रोगाची बुरशी जे द्रव्य सोडते त्यानेच ही उंची वाढते. 1935 मध्ये याबुता यांनी त्या द्रव्याला बुरशीच्या नावावरून 'जिबरेलिन' हे नाव दिलं. भाताला ज्याने वेडं केलं त्याच्यावर आज तासगावचा घड लांबतो.

मराठीत मी काय लिहिलं? 'दीर्घीकरण' सुचतं, पण बागेत उभं राहून ते कुणी उच्चारणार नाही. 'घड लांबतो' लिहिलं. मण्यासाठी मात्र आपल्याकडे नेमका शब्द तयार आहे, 'लांबट'. सोनाकाचा मणी लांबट, थॉमसनचा त्या मानाने आखूड. शेवटचा तो 'ट' इंग्रजीतल्या अख्ख्या 'इलाँगेटेड'चं काम करतो. पत्रकाच्या शेवटी साठवणीच्या एका उत्पादनाची जाहिरात होती, ते 'प्रोलाँग्ज शेल्फ लाइफ'. इथे लांबी नाही, काळ आहे. 'प्रोलाँग' काळालाच लागतं: आयुष्य, आजार, युद्ध, मुक्काम. दोरी प्रोलाँग होत नाही. मी 'माल जास्त दिवस टिकतो' एवढंच लिहून पत्रक पाठवून दिलं.

आठ

मिरजेला स्कूटरवरून. सतारमेकर गल्लीत एका तंतुवाद्य कारागिराला परदेशी गिऱ्हाइकांसाठी इंग्रजी माहिती हवी आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरची विचारणा वाढली असं तो सांगतो. या धंद्याचं मूळ शिकलगारांत, हत्यारांना धार लावणाऱ्यांत आहे. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता बनवायला घेतली, आणि घराण्यांमागून घराणी त्यातच राहिली. भोपळे अजूनही पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतात.

कारागिराने एका तारेवर बोट टेकवलं आणि सोडलं. आवाज निघाला, रेंगाळला, विरायला लागल्यासारखा वाटला आणि पुन्हा उमलून आला. "ही आस. ही इंग्रजीत लिव्हा."

पहिल्यांदा मनात आलं ते 'प्रोलाँग्ड साऊंड'. पण प्रोलाँगला एक ओझं आहे. संपायला हवं होतं ते संपलं नाही, अशी छटा त्यात पटकन येते. दुखणं प्रोलाँग होतं, भांडण होतं. तंबोऱ्याची आस तशी नाही. इंग्रज वादक 'सस्टेन' म्हणतात, तेच घेतलं. मग मी विचारलं, ही आस तुम्ही लांबवता कशी?

तो हसला. "लांबवता येत न्हाई ताई. जवारी नीट बसली की ती लांबते."

जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याला कानसून दिलेला तो अगदी हलका उतार. तार त्यावर एका बिंदूत न टेकता थोडी सरपटत टेकते. वर तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे, आवाज उघडेपर्यंत. यातलं कुठलंच काम 'लांबवण्याचं' नाही. पण शेवटी आस लांबते. त्याच्या एका वाक्यात अकर्मक आणि सकर्मक क्रियापदांचा धडा होता. दिवसभरात तो मला कोर्टात उपयोगी पडणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

निघता निघता एक किडा डोक्यात वळवळला. 'एक्स्टेंड'मधलं लॅटिन 'टेंडेरे' म्हणजे ताणणे, आणि आपला 'तन्' धातू, हे एकाच कुळातले. त्यातून तंतू, त्यातूनच तान. कारागिराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग त्यो शब्द आमचाच हाय."

साडेनऊ

सांगलीत परत. वाटेत शिंपीकाकांकडे मुलीचा शाळेचा गणवेश. जून ते दिवाळी एवढ्यात पोरगी चार बोटं उंचावली. "माया आहे का आत?" "आहे वहिनी, दोन इंच सोडलीय." शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला माया म्हणणाऱ्या भाषेत मी जन्मले याचा मला दर वेळी आनंद होतो. इंग्रज शिंपीसुद्धा इथे 'लेंग्थन' कमी म्हणेल. घडी उसवून खाली सोडायची तर 'लेट डाऊन', बाजूने सैल करायचं तर 'लेट आऊट'. संध्याकाळी देतो म्हणाले. म्हणजे परवा.

पावणेअकरा

विजयनगर, न्यायालय. दिवसातलं खरं काम हे.

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, या सहा जिल्ह्यांची अपिलं आता मुंबईऐवजी तिथे. खालच्या कोर्टात साक्षी मराठीत, वरच्या कोर्टात कागद इंग्रजीत. त्यामुळे माझ्यासारख्यांच्या टेबलावरचा ढीग वाढला आहे.

प्रकरण वाटपाचं. बहीण विरुद्ध भाऊ. बहिणीच्या सरतपासात वाक्य आहे: 'वडील वारल्यानंतर वाटणी लांबली.' मी पाठवलेल्या कच्च्या भाषांतरावर वकीलसाहेबांनी लाल पेनाने लिहून ठेवलंय, 'प्रोट्रॅक्टेड बाय द डिफेंडंट्स'.

"साहेब, 'बाय' कुठून आलं?"

"मॅडम, लांबली म्हणजे भावांनीच लांबवली ना? आपोआप लांबते का वाटणी?"

"बाई 'लांबली' म्हणाल्यात. 'लांबवली' नाही."

"एका 'व'साठी भांडताय?"

हो, एका 'व'साठीच. 'लांबली' म्हटलं की कोणी काही केलं असं होत नाही, पाऊस लांबतो तशी वाटणी लांबते. 'लांबवली' म्हटलं की कुणाचा तरी हात त्यात आला, आणि 'लांबणीवर टाकली' म्हटलं की तो हात कशावर पडला तेही दिसतं. इंग्रजीत ही सोय शब्दाच्या शेपटाला नाही. तिथे दर वेळी निराळा शब्द निवडावा लागतो, आणि प्रत्येक शब्दाबरोबर एक मत येतं. 'एक्स्टेंड' करायला अधिकार लागतो, कुणीतरी सही करून मुदत वाढवतो. 'प्रोलाँग'मध्ये नकोसेपण असतं. 'प्रोट्रॅक्ट' तर जवळजवळ आरोपच. वाटाघाटी प्रोट्रॅक्टेड, खटला प्रोट्रॅक्टेड, म्हणजे ज्याला संपवता आलं असतं त्याने संपवलं नाही. साक्षीदाराच्या तोंडी न घातलेला आरोप भाषांतरकाराने घालायचा आणि खाली 'खरं भाषांतर' म्हणून सही करायची, हे मला जमणार नाही. साहेब चिडले नाहीत. "मारुतीचं शेपूट झालंय हे प्रकरण, त्यात तुम्ही व्याकरण काढा," म्हणाले. चहा मागवला.

चहा येईपर्यंत त्यांनी मला कायद्यातली गंमत दाखवली. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908, कलम 148. न्यायालयाने दिलेली मुदत वाढवण्याचा अधिकार. शीर्षक 'एक्स्टेन्शन' नाही, 'एन्लार्जमेंट ऑफ टाइम'. वेळ लांब होत नाही, मोठा होतो, जणू त्याला रुंदीही असते. आणि 1999 च्या दुरुस्तीने, जी 2002 मध्ये अमलात आली, त्या मोठेपणाला कुंपण घातलं: एकूण तीस दिवसांपलीकडे नाही. मुदत अधिनियम, 1963, कलम 5 मध्ये मात्र 'एक्स्टेन्शन' आहे. अपील उशिरा केलं, पण पुरेसं कारण दाखवलं तर कोर्ट ते दाखल करून घेतं. आपण त्याला 'विलंब माफी' म्हणतो. म्हणजे इंग्रजी शीर्षकात मुदत वाढते, आणि आपल्या बोलण्यात गुन्हा माफ होतो. कोर्टाच्या जिन्यावर तरी आपलाच शब्द खरा वाटतो. ज्याचा अर्ज असतो त्याचा चेहरा माफी मागणाऱ्याचाच असतो.

आदेश 17 प्रमाणे सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत. हे मी वाचून दाखवलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचे दोन वकील मनापासून हसले.

'पेंडिंग' आणि 'प्रलंबित' यांची जोडीही तिथेच आठवली. लॅटिनमधलं 'पेंडेरे' म्हणजे लटकणे, संस्कृत 'लम्ब्' म्हणजेही लटकणे. दोन्ही भाषांत खटला लांबत नाही, खुंटीला टांगलेला असतो. 'लांब' हा आपला शब्दही या 'लम्ब्'चाच वंशज. लोंबणाऱ्या वस्तूला पाहून आपण लांबी शिकलो.

वाक्याचा निकाल लागला नाही. "रात्री फोन करा," साहेब म्हणाले.

दुपारी एक

साताऱ्याची एसटी. खिडकी मिळाली.

शेजारी जतकडचे एक गृहस्थ, पुण्याला मुलाकडे निघालेले. पेठ नाका येईपर्यंत त्यांनी पाण्याची सगळी कथा सांगितली. म्हैसाळला कृष्णेचं पाणी उपसून टप्प्याटप्प्याने वर चढवतात आणि दुष्काळी भागात नेतात. जतच्या पूर्वेकडची काही गावं मूळ योजनेच्या हद्दीबाहेर राहिली, त्यांच्यासाठी जे काम निघालं त्याचं नावच 'विस्तारित म्हैसाळ'. गृहस्थ 'विस्तारित' हा शब्द इतक्या सहज उच्चारत होते की तो सरकारी राहिलाच नव्हता. "आमी विस्तारितमधी येतो," असं. मूळ योजनेतला आणि विस्तारितमधला, अशी दोन जातींची गावं झाली आहेत जणू.

'एक्स्टेंड'चा खरा गाभा हा, पोहोचणे. लांबी हा त्याचा एक उपयोग झाला. हात एक्स्टेंड केला म्हणजे तो लांब झाला नाही, पुढे गेला. म्हणून इंग्रज शोकसंदेश एक्स्टेंड करतो, आमंत्रण एक्स्टेंड करतो, स्वागत एक्स्टेंड करतो. आपण त्याचं 'विस्तार' केलं आणि काही ठिकाणी फसलो. पंचायत समितीतल्या 'विस्तार अधिकाऱ्या'चं काय? तो कशाचा विस्तार करतो, असं गावात एखाद्या पोराने विचारलं तर मास्तरही गडबडतात. मुळात 1873 मध्ये केंब्रिज विद्यापीठाने आपली व्याख्यानं गावोगावी न्यायला सुरुवात केली, विद्यापीठाला स्वतःच्या भिंतीबाहेर पोहोचवलं, आणि त्याला 'युनिव्हर्सिटी एक्स्टेन्शन' म्हटलं. तो शब्द अमेरिकेत शेतीच्या सल्ल्याला चिकटला, आणि 2 ऑक्टोबर 1953 ला आपल्याकडे राष्ट्रीय विस्तार सेवा म्हणून आला. ज्ञान बांधापर्यंत पोहोचवणारा, म्हणून विस्तार अधिकारी. 'पोहोच अधिकारी' म्हटलं असतं तर पहिल्या दिवशी कळलं असतं. आता फार उशीर झाला.

कराडच्या अलीकडे गाडी मुंगीच्या पावलाने. सातारा ते कागल महामार्गाचं सहापदरीकरण चाललंय. रस्ता रुंद होतोय आणि प्रवास लांबतोय. कंडक्टर फोनवर कुणाला तरी सांगत होता, "टाइम वाढंल." वेळ वाढली. कुणी वाढवली हे त्याने सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती.

सव्वाचार

सातारा. शाहूपुरीत माहेर. मी लहान असताना हे शहराबाहेर होतं, ग्रामपंचायतीत. 2020 मध्ये हद्दवाढ झाली आणि आम्ही नगरपालिकेत आलो. घर तिथंच राहिलं, शहर अंगावर आलं. हद्दवाढीला इंग्रजीत 'एक्स्टेन्शन ऑफ लिमिट्स' म्हणतात आणि ते बरोबर आहे: अधिकार पुढे सरकला, सही झाली. वहिनीचं म्हणणं वेगळं. "पट्टी वाढली, तेवढंच कळलं."

चहा घेताना अजिंक्यतारा समोर असतो आणि मला दर वेळी 'एक्स्टेंड'चा विरुद्ध शब्द आठवतो, 'लॅप्स'. मुदत संपणे, हक्क आपोआप बुडणे. विमा लॅप्स होतो, परवाना लॅप्स होतो. साताऱ्याचं अख्खं राज्य लॅप्स झालं. इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना 1839 मध्ये पदच्युत केलं, त्यांचे बंधू शहाजी गादीवर आले, ते एप्रिल 1848 मध्ये वारले. त्यांनी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने राज्यापुरता मानला नाही, आणि डलहौसीच्या काळात या 'लॅप्स'च्या धोरणाखाली खालसा झालेलं पहिलं संस्थान सातारा ठरलं. 'लॅप्स' ही अकर्मक क्रिया. राज्य लॅप्स झालं, जसं दूध नासलं. कुणी खालसा केलं याचा शब्दात पत्ताच नाही. मराठीने मात्र 'खालसा केलं' असंच म्हटलं, कर्त्यासकट. सकाळच्या वकीलसाहेबांना हे सांगायला हवं होतं. सांगलीच्या पटवर्धनांचं संस्थान टिकलं, मार्च 1948 पर्यंत. पुढे 1949 मध्ये सांगली जिल्हा झाला तेव्हा त्याचं नाव दक्षिण सातारा होतं. सांगली हे नाव जिल्ह्याला 1960 मध्ये मिळालं. माझ्या सासरचं नाव तोवर माहेरच्या नावाचं शेपूट होतं, हे मी घरी अधूनमधून ऐकवते.

सहा

पोवई नाक्याजवळच्या एका अभ्यासिकेत आठवड्याला एक संध्याकाळ इंग्रजी घेते. पोलीस भरती, सैन्य भरती, बँक, सगळ्या तयारीची मुलं. पोरांचे हात राकट, इंग्रजी भित्रं. आज मी फळ्यावर मराठी वाक्यं लिहिली आणि क्रियापद त्यांना निवडायला लावलं.

'विजार लांब करून द्या.' पहिल्या बाकावरचा म्हणाला, "प्लीज एक्स्टेंड माय पँट." सगळे हसले. चूक का, हे कुणाला सांगता येईना. मी विचारलं, विजारीची मुदत संपलीय का? मग मागून एक मुलगी म्हणाली, "लेंग्थन." बरोबर.

'परीक्षेच्या अर्जाची तारीख वाढली.' एक्स्टेंडेड. कुणी वाढवली? आयोगाने. शाब्बास.

'डॉक्टरांनी त्यांचं आयुष्य वाढवलं.' इथे वर्ग दुभंगला. अर्धे एक्स्टेंड, अर्धे प्रोलाँग. दोन्ही चालतात, पण प्रोलाँगमध्ये घरच्यांचा थकवा ऐकू येतो. एकाने विचारलं, "मॅडम, मग चांगलं कुठलं?" पेशंट कोण आहे त्यावर आहे, म्हटलं. आजोबा खाटेवर असलेल्या पोराने मान हलवली.

'रबर ताणला.' स्ट्रेच, सगळ्यांना आलं. सोडला की मूळ जागेवर जातो तो स्ट्रेच. इलाँगेट झालेलं परत येतंच असं नाही. 'त्याने गोष्ट ताणली' म्हणजे काय? कुणी म्हणालं, "पाल्हाळ लावला." कुणी म्हणालं, "चऱ्हाट." ते 'स्पिन आऊट', सूत काढत बसल्यासारखं, किंवा 'ड्रॅग आऊट', फरफटत नेल्यासारखं. सत्य ताणलं तर पुन्हा 'स्ट्रेच'. या ठिकाणी मुलांचा चेहरा उजळला. चऱ्हाट त्यांच्या घरचं होतं.

एकाने मुलाखतीसाठी लिहून आणलेलं वाक्य दाखवलं: 'आय वाँट टू प्रोलाँग माय सर्व्हिस टू द नेशन.' भावना उत्तम, अर्थ भलताच. सेवा करायची तेवढी झाली, आता रेटतोय, असं ऐकू येतं. मी 'कंटिन्यू' केलं. तो अग्निवीरची तयारी करतोय. 2022 च्या योजनेत चार वर्षं, मग त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम सेवेत घेतात. त्या पुढच्या काळाला कागदावर 'एक्स्टेन्शन' नाही म्हणत. ती नव्याने नोंदणी असते. मी हे सांगितल्यावर वर्ग शांत झाला. शब्द नसला की हक्क नसतो, हे त्यांना मी समजावायची गरज पडली नाही.

साडेआठ

जेवायला आप्पा. वडिलांचे मित्र, अपशिंगेचे. त्या गावाला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. पहिल्या महायुद्धापासून तिथल्या घराघरात फौजी. आप्पा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या तोंडी 'एक्स्टेन्शन' हा शब्द नात्यातल्या माणसासारखा येतो. "दोन वर्षांचं एक्स्टेन्शन मिळालं तेव्हा थोरलीचं लग्न झालं." "नाही मिळालं असतं तर धाकटा शिकला नसता." घराची वरची खोली, विहीर, मुलीचं लग्न, सगळ्याची मोजदाद एक्स्टेन्शनआधी आणि एक्स्टेन्शननंतर. मी त्यांना विचारलं, मराठीत काय म्हणाल? थोडा विचार करून म्हणाले, "वाढीव नोकरी. पण तसं कोण म्हणत नाही. वाढीव म्हटलं की फुकटची वाटते."

ते बरोबर बोलले. वाढीव बिल, वाढीव पाणीपट्टी, वाढीव खर्च. या शब्दाने चांगली बातमी क्वचितच आणली आहे.

दहा

लॅपटॉप उघडला, साक्षीचे कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले. सरतपास संपतो तिथे काही नाही. उलटतपासात, भावांच्या वकिलाने विचारलंय, तुम्ही इतकी वर्षं वाटणी का मागितली नाही? बाईंचं उत्तर: 'मी दर दिवाळीला मागत होते. भाऊ म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू.'

कर्ता सापडला. समोरच्या वकिलाने स्वतः प्रश्न विचारून तो बाहेर काढला होता, आणि बाईंनी तो स्वतःच्या शब्दांत दिला होता. आता 'लांबली'ला 'लांबवली' करायची काही गरज नव्हती. तिथे मी 'द पार्टिशन ड्रॅग्ड ऑन' लिहिलं. फरफटत गेली, कुणी फरफटवलं ते त्या जागी सांगत नाही. उलटतपासातलं उत्तर मात्र अक्षरशः ठेवलं, दिवाळीसकट.

फोन लावला. साहेब जागे होते.

"मॅडम, प्रोट्रॅक्टेड?"

"नाही. पण उलटतपासाचं तिसरं पान काढा. खालून चौथी ओळ."

कागद उलटल्याचा आवाज. मग बराच वेळ काही नाही.

"हे माझ्या नजरेतून कसं सुटलं? 'पुढच्या वर्षी बघू.' वा. हे युक्तिवादात पहिलं घेतो." मग लगेच, "सही करून उद्या सकाळी पाठवा. दहाच्या आत. कोल्हापूरला माणूस निघतोय, मुदत वाढवून मिळणार नाही."

"सकाळी साताऱ्याहून स्कॅन पाठवते, मूळ प्रत संध्याकाळी."

"चालेल. आणि बिल?"

"शब्द मोजून कळवते."

"'दिवाळी'चे पैसे लावू नका," म्हणाले आणि फोन ठेवला. लावले.